परसातलं माथेरान : बागेतली छोटी रेल्वे, पहिल्या पावसात वाहून गेलेला घाट आणि आमचे आप्पा

जुम्मापट्टी
२३ मे, रात्री ११.१०

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज लाईट गेलीये आणि उकाड्यात झोप येत नाहीये म्हणून मोबाईलवरच टाईपतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही बदलापूरला राहतो. रो हाऊस, मागे २८ बाय १४ फुटांचं परस, त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि बाकी बायकोच्या भाषेत "तुझं भंगार". त्या भंगाराच्या जागी गेल्या दोन वर्षांत ३८ मीटरची रेल्वे उभी राहिलीये. खेळण्यातलीच, पण नेरळ-माथेरानची.

किडा जुना आहे. कॉलेजात असताना पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम पाहिलं होतं (१९९८ ला सुरू झालंय, पोरांना घेऊन जरूर जा) तेव्हापासून डोक्यात होतं. पण ते सगळं छपराखाली. माझ्याकडे रिकामी खोली नाही, परस आहे. आणि आप्पा आहेत. आप्पा म्हणजे वडील, रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे ज्यांच्या हाताखाली गँगमन असतात आणि रूळ जागेवर आहेत की नाही ही काळजी ज्यांना झोपेतही असते ते. रिटायर होऊन १४ वर्षं झाली तरी लोकलमधे बसले की डोळे मिटून खालचे सांधे ऐकतात.

माप कसं ठरवलं ते सांगतो कारण पहिले तीन महिने त्यातच गेले. माथेरानची लाईन दोन फुटी, म्हणजे दोन रुळांतलं अंतर (गेज) ६१० मिमी. बागेतल्या गाड्यांसाठी ३२ मिमीचा एक गेज चालतो. ६१० भागिले ३२ म्हणजे जवळपास १९. मग सगळंच १:१९. माणूस ९ सेंटीमीटरचा, १० मीटरचं झाड जेमतेम अर्ध्या मीटरचं. उत्साहात अख्ख्या लाईनचा हिशोब करून बघितला. खरी लाईन २१ किमी, म्हणजे माझ्याकडे ११०० मीटर रूळ लागणार, आणि खालपासून वरपर्यंतचा चढ १:१९ ने ४० मीटर, म्हणजे १३ मजली बिल्डिंग. एवढा एफएसआय आपल्याकडे नाही. म्हणून मोजकंच घेतलं, जुम्मापट्टी स्टेशनपुढचं घोड्याच्या नालासारखं वळण, भेकरा खुडची सपाटी, वन किस टनेल, वॉटर पाईप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान स्टेशन. नेरळ कढीपत्त्याखाली आहे.

खऱ्या लाईनचा चढ १:२० पर्यंत जातो. मीही हट्टाने १:२० च ठेवला होता. कोरड्या रुळावर इंजिन तीन डबे घेऊन जायचं, पण सकाळचं दव पडलं की चाकं जागच्या जागी फिरायची, आणि शेवग्याची ती बारीक पानं रुळावर चिरडली की साबण लावल्यासारखं. आता १:३० वर आलोय, साडेबारा मीटरमधे साधारण ४२ सेंटीमीटर चढतो. आप्पांनी यावर एकच वाक्य टाकलं, "पीरभॉयना जमलं, तुला नाही." (माहीत नसलेल्यांसाठी, १९०४ ते १९०७ मधे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाईन बांधली, वडलांच्या पैशातून, १६ लाख रुपये लागले. मी पण वडलांच्याच जागेवर बांधलीये, साम्य एवढंच.)

रूळ बाहेरून मागवले नाहीत. २०२० मधे खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि नंतर अजून वाढली, वर शिपिंग, म्हणजे रूळ सोन्याचे. मग ॲल्युमिनियमची ३ बाय ८ मिमीची पट्टी आणली आणि स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांना) खाचा पाडून त्यात उभी ठोकली. पहिले स्लीपर लाकडाचे होते. ते वाळवीने खाल्ले, चार महिन्यांत, वरून रंग शाबूत आणि आत माती. आताचे स्लीपर किचनमधल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डाचे आहेत, तेच एचडीपीई प्लास्टिक, करवतीने ८ मिमीच्या काड्या कापल्या आणि काळा स्प्रे मारला. रंग टिकत नाही पण वाळवीने अजून तोंड लावलेलं नाही.

गाडी बॅटरीवर चालते, रुळात करंट नाही. फोटो उद्या टाकतो. गेल्या पावसाळ्यात मोठा घोळ झाला होता तो वेगळा लिहीन. आत्ता प्रश्न दोन. पाऊस तोंडावर आलाय, उतारावर माती धरून ठेवेल आणि १:१९ ला शोभेल असं काय लावावं? आणि घुशीचं काय करावं?

कोकणकडा
२३ मे, रात्री ११.३२

पहिला नंबर! वाचायच्या आधीच टाकलं, आता वाचतो.

वाचलं. भारीच राव. पण फोटो नाहीत तर काही खरं नाही.

तगर
२४ मे, सकाळी ७.०५

मस्त धागा. रेल्वेतलं मला काही कळत नाही पण बागेतलं थोडं कळतं म्हणून लिहिते.

उतारावर सगळ्यात आधी पायलिया. तुम्ही तिला नावाने ओळखत नसाल पण पाहिलेली नक्की असणार, पावसाळ्यात कुंडीच्या कडेला, गटाराच्या भिंतीवर आपोआप येते, साबुदाण्यापेक्षा बारीक मांसल पानं, एक वीत उंच होते आणि लांबून नेच्याच्या झुडपासारखी दिसते. फुकट. उपटून आणायची, ओल्या मातीत बोटाने भोक पाडून खोचायची, आठ दिवसांत धरते. उन्हाळ्यात वाळते पण बी पडलेलं असतं.

झाडांसाठी जेड. खोड लवकर जाड होतं, खालची पानं खुडून टाकली की छोट्या आकारातही जुनं झाड वाटतं. पावसाळ्यात मात्र पाणी साचलं की कुजणार. फायकस लावायचा असेल तर जमिनीत अजिबात नको!! कुंडीसकट पुरा. मी शेजारणीच्या बागेत फायकसच्या मुळाने उचललेली फरशी पाहिलीये, तुमच्या ८ मिमीच्या पट्टीचं काय होईल विचार करा. कुंडीत मुळं आवळलेली राहिली की झाडही बुटकं राहतं, म्हणजे तुम्हाला हवं तेच.

माथेरान म्हणताय तर कारवी पाहिजेच. खरी कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि माणसाएवढी होते, ती तुमच्या मापात बसणार नाही. तिच्या जागी कुफिया लावा, बारीक पान, बारीक जांभळी फुलं, महिन्यातून एकदा कात्री. लांबून कारवीचा उतार फुलल्यासारखाच दिसेल, आणि दरवर्षी फुलेल हा फायदा.

शेवाळासाठी ताक शिंपडा असं नेटवर सगळीकडे सांगतात. मी करून पाहिलंय. पांढरी बुरशी आली, मुंग्या आल्या, शेवाळ आलं नाही. जुलैत कंपाऊंडच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडीने पापुद्र्यासारखं सोडवून आणा आणि ओल्या दगडावर दाबा, बस.

ओव्हरहेड_वायर
२४ मे, सकाळी ९.४८

बॅटरी डिटेल्स द्या की. सेल कोणते, मोटर कोणती, कंट्रोल कशावर?

जुम्मापट्टी
२४ मे, दुपारी १.२०

तगर ताई, पायलिया म्हणजे ती होय! मी गेली दोन वर्षं तण म्हणून उपटून फेकतोय. आता काय बोलणार.

@ओव्हरहेड_वायर, १८६५० चे तीन लिथियम सेल सिरीजमधे, म्हणजे फुल चार्जला १२.६ व्होल्ट, सोबत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट. हे सगळं इंजिनाच्या मागच्या डब्यात, कारण इंजिनात जागा नाही. १५० आरपीएमची गिअर मोटर, ईएसपी३२ बोर्ड आणि मोटर ड्रायव्हर, मोबाईलवरून कंट्रोल. आरपीएमचं गणित आप्पांमुळे झालं. खऱ्या लाईनवर ताशी २० किमीची मर्यादा आहे. १:१९ ला ते सेकंदाला २९ सेंटीमीटर येतं. माझी पहिली मोटर ५०० आरपीएमची होती आणि गाडी अशी पळायची की मुलगी टाळ्या पिटायची. आप्पा उठून आत गेले. "ही गाडी माझ्या सेक्शनमधे नको." आता ४० मिमीचं चाक आणि १५० आरपीएम, पूर्ण ३८ मीटरला दोन मिनिटं अकरा सेकंद लागायला हवीत. ते मोबाईलवर स्टॉपवॉच लावतात. दोन मिनिटांच्या आत आली तर ड्रायव्हरला मेमो. ड्रायव्हर म्हणजे माझी मुलगी, इयत्ता चौथी.

बॉडी थ्रीडी प्रिंट केलीये. आधी पीएलए प्लास्टिकमधे केली होती, मे महिन्यात दुपारी उन्हात राहिली आणि बॉयलरला पोक आला. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं हे वाचलेलं होतं, पण काळा रंग दिलेली वस्तू बदलापूरच्या उन्हात तिथवर पोचते हे हात लावल्यावर कळलं. आता एएसए नावाचं दुसरं प्लास्टिक वापरतो.

न्यूरेंबर्गचा_न्या
२४ मे, दुपारी ४.१५ (इथे अजून जेवणाची वेळ आहे)

अरे वा, माझ्या गावचा विषय निघाला. बागेतल्या रेल्वेचं जे वेड जगभर पसरलं ते बरंचसं इथूनच. एलजीबी नावाची गाडी इथल्या लेमान कंपनीने १९६८ मधे आणली, ४५ मिमीचा रूळ, १:२२.५ माप, म्हणजे मीटरगेज. पावसात, बर्फात बाहेर राहील असं पितळी रुळाचं हे प्रकरण, लोक येडे झाले. २००६ मधे कंपनी बुडाली, पुढच्या वर्षी मेर्कलिन या खेळण्यातल्या रेल्वेच्याच दुसऱ्या कंपनीने घेतली. माझ्या शेजारचे आजोबा अजून १९७० च्या आसपासचं इंजिन चालवतात, दर शनिवारी, आणि त्याच वेळी आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घातलेले चालत नाहीत त्यांना, का ते विचारू नका.

एक शंका. ४५ मिमी का नाही घेतलंस? सामान भरपूर मिळतं, सेकंडहँड तर ढिगाने.

अजून एक, तुमच्याकडे बर्फ नाही हे नशीब. इथे जमिनीतलं पाणी गोठून माती फुगते आणि रूळ वर उचलला जातो, दर मार्चमधे आजोबा गुडघ्यावर बसून सगळी लाईन पुन्हा लेव्हल करतात.

बार्शी_लाईट
२४ मे, सायं. ६.४०

माथेरानच माथेरान करताय सगळे, आमच्या बार्शी लाईटला कुणी वाली नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बांधली, अडीच फुटी, इंजिनाचा भार कमी पडावा म्हणून एका ॲक्सलवर ५ टनांच्या वर वजन नाही हा नियम धरून सगळं डिझाईन केलं, त्यावेळी जगात नाव झालं. आमचे पणजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते. आणि बरंचसं सपाट, माथेरानसारखी चढाची भानगड नाही, पावसाची पण नाही. सोलापुरात या, इथे रेल्वे वाहून जायला आधी पाऊस तर पडला पाहिजे.

स्पष्टवक्ता७१
२४ मे, रात्री ९.००

चाळिशीच्या माणसाने खेळण्यातल्या गाड्या चालवायच्या आणि त्यावर एवढा मोठा धागा. तेवढ्या जागेत भाजी लावली असती तर घरचं खायला मिळालं असतं. किती खर्च आला तेही लिहा म्हणजे लोकांना कळेल.

कोकणकडा
२४ मे, रात्री ९.०४

आले. मी वाटच बघत होतो.

जुम्मापट्टी
२५ मे, रात्री १०.३०

@स्पष्टवक्ता, लपवण्यासारखं काही नाही, दोन वर्षांत ६१ हजार, त्यातले जवळपास निम्मे पहिल्या पावसाने पाण्यात घातले. शेवगा आणि कढीपत्ता अजून तिथेच आहेत, शेवग्याच्या शेंगा हव्या असतील तर घेऊन जा.

@न्या, ४५ मिमी घेतला असता तर गाड्या मिळाल्या असत्या पण माथेरान नसतं मिळालं. दोन फुटी लाईन ४५ वर बसवायची तर माप साडेतेराला एकच्या आसपास जातं, डबा बुटाच्या खोक्याएवढा आणि वळणं सगळी परसाच्या बाहेर.

@बार्शी_लाईट भाऊ, तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो, शब्द आहे.

आता तो पावसाळ्याचा घोळ. सगळ्यात जास्त शिकलो ते यातच.

पहिल्या वर्षी मी काय केलं, कंपाऊंडच्या बाजूने माती टाकून दीड फूट उंच भराव केला, समोरून जांभ्याची भिंत बांधून घेतली, भरावावर दोन इंच पीसीसी (साधं काँक्रीट) आणि त्यावर रूळ स्क्रूने पक्के. गवंडी म्हणाला एकदम टकाटक काम आहे साहेब, शंभर वर्षं बघायला नको. आप्पा तेव्हा बहिणीकडे नाशिकला होते. आले, काठी टेकवून उभे राहिले आणि विचारलं, "मोऱ्या कुठायत?" मी म्हटलं आप्पा खेळण्यातली लाईन आहे. ते म्हणाले, "पाऊस खेळण्यातला आहे का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेल्वेत मोरी म्हणजे रुळाखालून पाणी पलीकडे जायला ठेवलेली छोटी वाट. घरातली नाही.

जुलैत एका रात्री असा पडला की सकाळी उठून बघतो तर नालाच्या वळणावर भरावच नाही. वरच्या अंगाचं सगळं पाणी भिंतीमागे तुंबलं, भिंतीला एकही भोक नाही, तिने आधी पोट काढलं आणि मग अडीच फुटांचा तुकडा आडवा झाला. माती शेजाऱ्यांच्या पार्किंगमधे. पीसीसीचे तीन तुकडे. आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळतोय, झोपाळ्यासारखा. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात माथेरानची लाईन वाहून गेली होती, चालू व्हायला २००७ उजाडलं, तेव्हाचे पेपरातले फोटो आठवत असतील तर हुबेहूब तेच, १:१९ मधे. मला रडू यायचं बाकी होतं. आप्पा छत्री घेऊन बाजूला उभे, आणि मला शपथेवर वाटतं ते खूश होते.

दुसऱ्या दिवसापासून काम त्यांनी हातात घेतलं. पीसीसी पूर्ण काढायला लावली. खाली मुरूम, पाणी मारून दर चार इंचाला धुम्मस, त्यावर तीन इंच खडी, वर क्रशरची बारीक कच, आणि रूळ त्यावर नुसता ठेवलेला, कुठेच पक्का नाही. जांभ्याच्या भिंतीत दर दोन फुटांवर पाऊण इंची पाईपचे तुकडे, भिंतीमागे खडीचा थर. भरावाखालून दोन इंची पीव्हीसीच्या सात मोऱ्या, प्रत्येकीला पांढऱ्या रंगाने नंबर. वरच्या अंगाला एक वीतभर चर, डोंगराचं पाणी रुळापर्यंत येण्याआधीच वळवायला. काम संपल्यावर बागेचा पाईप पूर्ण सोडून त्यांनी अर्धा तास प्रत्येक मोरीच्या तोंडाशी उभं राहून बघितलं. पाचवीतून पाणी कमी येत होतं. ती उखडून परत घातली.

आता रोज सकाळी चहा झाला की ते लाकडी पाट घेऊन परसात बसतात. एका हातात जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर, त्याने स्लीपरखाली कच ठोसतात, टुक टुक टुक, एका स्लीपरला चार ठोसे, दोन या बाजूने दोन त्या बाजूने. याला पॅकिंग म्हणतात. मग गाल जवळजवळ मातीला टेकवून एक डोळा मिटून रुळावरून नजर टाकतात. मला तिथे काहीच दिसत नाही. त्यांना दोन मिलिमीटर दबलेला सांधा दिसतो. सागाच्या फळीचा एक गेज त्यांनी स्वतः तासून बनवलाय, सरळ रुळावर ३२ आणि वळणावर ३३, वळणावर गेज जरा सैल ठेवला नाही तर चाक चढतं म्हणाले. आणि ते खरं निघालं, माझी गाडी भेकरा खुडला रोज पडायची ती बंद झाली.

एप्रिलमधला किस्सा राहिलाच. रुळाचे तुकडे मी चिकटून चिकटून जोडले होते, फट दिसली की मला घाण वाटायची. एप्रिलच्या दुपारी एक वाजता लाईन सापासारखी वळली. ॲल्युमिनियम दोन मीटरला ४० डिग्रीच्या फरकात जवळजवळ दोन मिमी वाढतं, ती वाढ जाणार कुठे. आता प्रत्येक सांध्याला थंडीतल्या सकाळी दोन मिमी फट. गाडी जाताना खट खट आवाज येतो आणि तो आवाज आला की आप्पा डोळे मिटून घेतात.

तगर
२६ मे, सकाळी ६.५०

सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंत. आप्पांना नमस्कार सांगा.

पण पाण्याच्या चरात नुसती माती ठेवू नका, बारीक गोटे टाका, नाहीतर पायलिया तिथेच आधी माजेल आणि चर बुजवेल.

आजोळ
२६ मे, सकाळी १०.१२

मला तर वाचताना सारखा दिवाळीतला किल्ला आठवत होता. दगड, गोणपाट, वरून लाल मातीचा चिखल, हळीव नाहीतर मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवंगार, विहिरीच्या जागी वाटी. मिनिएचर लँडस्केपिंग म्हणजे वेगळं काय असतं? आपण सगळे लहानपणी तेच करायचो की. हळीव पेरून बघा, बिया चिकट असल्यामुळे उभ्या उतारावरही जागच्या हलत नाहीत. पावसाच्या आधी तात्पुरतं हिरवं हवं असेल तर उत्तम.

आणि प्रवासी कोण आहेत गाडीत?

जुम्मापट्टी
२६ मे, दुपारी २.०५

आजोळ, अगदी नेमका प्रश्न! पहिले प्रवासी शाडूचे केले होते, हमाल, चिक्कीवाला, एक घोडा. पहिल्या सरीत चिक्कीवाल्याचा चिखल झाला, घोड्याचं काय झालं ते सांगत नाही. मग दिवाळीत लक्षात आलं की किल्ल्यावरचे मावळे बरोबर साडेतीन इंच, म्हणजे ९ सेंटीमीटर, म्हणजे १:१९ चा माणूस!! बाजारात जेवढे राहिले होते तेवढे उचलून आणले, भाजक्या मातीचे निवडून. आता वॉटर पाईपला एक भालदार उभा आहे, अमन लॉजला दोन ढाल-तलवारवाले, आणि माथेरान स्टेशनचा टीसी म्हणजे काळा कोट रंगवलेला पण डोक्याला पगडी असलेला मावळा. मुलगी त्याला "सरनोबत टीसी" म्हणते. विदाऊट तिकीट कुणी जात नाही.

ओव्हरहेड_वायर
२६ मे, दुपारी ३.३०

सरनोबत टीसी =)) =))

इंजिन कोणतं केलंय, जुनं वाफेचं का? त्याला तीन जोड चाकं होती ना, एवढ्या वळणावर जातं कसं?

जुम्मापट्टी
२६ मे, रात्री ९.४५

हो, ऑरेन्स्टाईन अँड कॉपेलचं जर्मन इंजिन, अशी चार होती, ७३८ ते ७४१. खऱ्या इंजिनात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला क्लीन-लिंडनर म्हणून भन्नाट योजना होती, ॲक्सल पोकळ, त्याच्या आतून दुसरा दांडा, त्यामुळे चाकं वळणाप्रमाणे बाजूला सरकायची आणि तरी ताकद मिळायची. मी काय केलं, मधल्या चाकांची फ्लँज, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी कड, घासून टाकली. आप्पांना सांगितलेलं नाही.

घुशीबद्दल कुणीच बोललं नाही हो. बोगद्याच्या बाजूने तिने स्वतःचा दुसरा बोगदा काढलाय, वन किसच्या शेजारी.

कोकणकडा
२६ मे, रात्री ९.५८

मांजर पाळ.

जुम्मापट्टी
२६ मे, रात्री १०.०१

आहे. ते वन किसमधे झोपतं. गाडी आली की पाय बाहेर काढतं, सिग्नल पडल्यासारखा.

तगर
२७ मे, सकाळी ७.१५

भरावात घूस असेल तर विषाच्या भानगडीत पडू नका, मांजर आहे आणि मूल आहे. कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती बारीक लोखंडी जाळी भरावाच्या मागच्या अंगाला फूटभर खोल उभी गाडा. बिळात आधी विटांचे तुकडे आणि खडी घट्ट ठोसा. नुसती माती भरलीत तर दुसऱ्या रात्री परत मोकळं. आणि हे जूनच्या आत करा, बिळात पाणी शिरलं तर तुमची आठवी मोरी तीच होईल.

न्यूरेंबर्गचा_न्या
२७ मे, सकाळी ११.४०

मी ऑगस्टमधे सुट्टीवर डोंबिवलीला येतोय. येऊ का बघायला? आजोबांकडून जुनी चाकं मिळाली तर घेऊन येतो, ४५ ची आहेत पण ॲक्सल कापता येईल.

जुम्मापट्टी
६ जुलै, सकाळी ८.२०

धागा वर काढतोय. दीड महिना लिहायला झालं नाही.

जाळी गाडली, घूस शेजाऱ्यांकडे शिफ्ट झाली (सॉरी शेजारी). कुफिया बारा रोपं लावली, नऊ जगली. हळीव दोन दिवसांत उगवला, तिसऱ्या दिवशी चिमण्यांनी साफ केला. पायलिया मात्र ताई, नाव काढायचं नाही, भेकरा खुडच्या उतारावर अशी पसरलीये की खालून फोटो काढला तर खरोखर घाट वाटतो. एक दगड दगडफुलाने भरलेला सापडला, तो बोगद्याच्या तोंडावर बसवलाय. बायको म्हणाली मसाल्याला लागलं तर तिथूनच घेईन.

काल रात्रभर कोसळला. पहाटे साडेपाचला परसात टॉर्च फिरताना दिसला. जाऊन बघतो तर आप्पा, प्लास्टिकचं घोंगतं डोक्यावर, पाटावर बसून मोऱ्या बघतायत. एक ते सात सगळ्या वाहतायत. चौथीच्या तोंडाशी शेवग्याचा पाला अडकला होता तो त्यांनी काठीने काढला. कच थोडी वाहिली, सांधा क्रमांक ११ दीड-दोन मिमी बसलाय, भिंत जागेवर. अमन लॉजचा एक ढालवाला बेपत्ता होता, तो मोरी नंबर सहाच्या बाहेर चरात पालथा सापडला, ढाल शाबूत.

@न्या, ऑगस्टमधे जरूर ये, आप्पांना चाकांबद्दल सांगितलंय, "आणू दे, बघू" म्हणाले, म्हणजे खूप झालं. फक्त एक अडचण आहे. खऱ्या लाईनवर पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, नुसती अमन लॉज ते माथेरान शटल चालते. आप्पांनी इथेही १५ जून ते १५ ऑक्टोबर तोच बोर्ड लावलाय आणि कंट्रोलचा मोबाईल स्वतःच्या खिशात ठेवलाय. तेव्हा तुला फक्त साडेतीन मीटरची शटल बघायला मिळेल. सकाळी ११ ची आहे, वेळेवर ये, ते थांबत नाहीत.

कोकणकडा
६ जुलै, सकाळी ८.२६

तिकीट सरनोबताकडून काढायचं का ऑनलाईन?